तबकडीवरचा शेक्सपिअर

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेव्हा सर जॉन गीलगुडच्या शेक्सपिअर-वाचनावर मी लिहावे, हे धाडसच. पण ‘एजेस ऑफ मॅन’ ही त्याची ध्वनिमुद्रिका एका स्नेह्यांनी ग्रामोफोनसकट मला दिली, आणि पंधरा दिवस ती ऐकल्यावर गप्प बसवत नाही.

शेक्सपिअरची सुनीते व नाटकांतले उतारे वेचून जॉर्ज रायलंड्स यांनी १९३९ साली एक संग्रह सिद्ध केला. त्याच्या आधारे गीलगुडने एकट्याने म्हणायचा प्रयोग रचला आणि १९५८ साली न्यूयॉर्कात गाजवला. तारुण्य, प्रौढत्व, वार्धक्य असे त्याचे तीन भाग. वेषभूषा नाही, समोर दुसरे पात्र नाही. तबकडीवर तर नटाचा चेहराही नाही.

तारुण्याचा भाग गोड आहे. त्याहून अधिक काही नाही. खरी मौज दुसऱ्या रिचर्डपासून. ही भूमिका गीलगुडने १९२९ साली ओल्ड व्हिकमध्ये केली होती, आणि ती त्याच्या जिभेवर मुरलेली आहे. भुईवर बसून राजांच्या मरणाच्या गोष्टी काढणारा हा राजा बोलू लागला, की ओळ कोठे संपली ते कळत नाही. विचार संपतो तेथेच श्वास संपतो. मी मात्र वीस वर्षे मुलांना प्रत्येक चरणाअखेर थांबवत आलो! ऐकताना कानशिले तापली, हे कबूल करतो.

तरी एक तक्रार आहेच. या आवाजाला आपल्या सौंदर्याची जाणीव फार. रिचर्डला ते शोभते. तो स्वतःच आपल्या दुःखावर भाळलेला. पण हॅम्लेट? आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तून (१८८३) माझ्या मनात वसलेला हॅम्लेट असा रेशमी नाही. बापाच्या खुनाने पोळलेल्या मुलाच्या तोंडी ही नजाकत मला खटकली.

आणि मग लिअर येतो, कॉर्डेलियाचे प्रेत हातांवर घेऊन. येथे सारी नजाकत गळून पडते. शब्द उरतच नाहीत, हंबरडा तेवढा उरतो. मी ते ऐकत होतो तेव्हा आमची मंडळी करंज्यांचे सारण भाजत होती. तिला इंग्रजीचा गंध नाही. उलथने हातात तसेच धरून ती दारात आली.

“अहो, कोण गेलं त्याचं?”

“मुलगी,” मी म्हणालो.

ती उंबऱ्यावरच बसली. तबकडी थांबल्यावर म्हणाली, “पुन्हा लावा.”

त्या दिवशीचे सारण करपले.