ध्वनिमुद्रित साथसंगतीची उपयुक्तता आणि मर्यादा : नाट्यसंगीताच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
महाविद्यालयीन कार्यक्रमांत तबला-पेटीची जागा आता पुष्कळदा पूर्वध्वनिमुद्रित ‘ट्रॅक’ घेतो. काहींना यात कलेचा ऱ्हास दिसतो, तर काहींना केवळ सोय. प्रस्तुत लेखात, कोणत्या गानप्रकाराला ट्रॅक मानवतो आणि कोणत्या प्रकाराला तो मारक ठरतो, एवढ्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

उपयुक्तता :
ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९५० साली ‘म्युझिक मायनस वन’ या संस्थेने एखादे वाद्य वगळून केलेल्या ध्वनिमुद्रिका सरावासाठी काढण्यास प्रारंभ केला. जपानमध्ये दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली कराओके यंत्र तयार केले. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तालयंत्र यांनी असेच कार्य केले आहे. खेड्यातील विद्यार्थ्याला रोज तबलजी कोठून मिळणार? त्याच्या मनात तीनतालाच्या सोळा मात्रा पक्क्या बसण्यास यंत्राचा निश्चितच उपयोग होतो. चित्रपटगीतात तर वाद्यमेळ आणि मधले संगीत हा रचनेचाच अविभाज्य भाग असल्याने तेथे ट्रॅक गैर वाटत नाही.

मर्यादा :
नाट्यगीताचे स्वरूप मात्र भिन्न आहे. येथे बंदिश ही केवळ चौकट असून गायक तिच्यात ऐनवेळी भर घालतो. बालगंधर्वांना अहमदजान थिरकवा आणि कादरबक्ष यांची साथ लाभली, ती ठेका व सूर पुरविण्यापुरती नव्हती. गायकाची पुढची जागा ओळखून त्याला वाट करून देणे हा तिचा धर्म होता. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत परीक्षक असताना प्रस्तुत लेखकास याचा उलट प्रत्यय आला. एका विद्यार्थिनीची तान रंगली आणि दोन आवर्तने लांबली. तेवढ्यात ट्रॅकवरील मधले संगीत सुरू झाले. तिने तान अर्ध्यावर सोडली. चूक तिची नव्हती, तरीही गुण तिचेच गेले.

ट्रॅकविरुद्ध स्वरांच्या अंगानेही आक्षेप घेतला जातो. समविभाजित सप्तकातील शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंट अंतरावर असतो, तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. परंतु हा दोष पेटीतही आहेच. किंबहुना याच स्वरूपाच्या आक्षेपांमुळे आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. तथापि जाणता पेटीवादक नाजूक स्वरावर हात आवरता घेतो, प्रसंगी थांबतो. ट्रॅकला थांबता येत नाही, कारण त्याला ऐकू येत नाही. त्याची खरी मर्यादा हीच होय.

निष्कर्ष :
ट्रॅक सरावासाठी स्वीकारार्ह, चित्रपटगीतासाठी योग्य आणि नाट्यगीताच्या सादरीकरणासाठी अपुरा आहे, असे म्हणावे लागते. निव्वळ खर्च वाचविण्यासाठी त्याचा सरसकट अवलंब केल्यास महाविद्यालयातील तबला व पेटी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना साथीची संधीच उरणार नाही. आणि साथ ही केल्याशिवाय येत नाही. म्हणून स्पर्धांच्या नियमांत गानप्रकारानुसार भेद करावा आणि नाट्यगीतासाठी विद्यार्थी साथीदारांनाच प्राधान्य द्यावे. त्यांची साथ आरंभी कच्ची असेल; परंतु ती गायकाला ऐकत असेल.