‘सब्जेक्ट’ म्हणजे ‘कर्ता’ नव्हे : इंग्रजी वाक्यपृथक्करणाच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रास्ताविक : मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी वाक्यपृथक्करण शिकविताना ‘सब्जेक्ट’ या संज्ञेस बहुधा ‘कर्ता’ हा प्रतिशब्द दिला जातो आणि ‘क्रिया करणारा तो कर्ता’ अशी व्याख्या सांगितली जाते. ती इंग्रजीस कितपत लागू पडते, याची चिकित्सा प्रस्तुत टिपणात केली आहे.

व्याख्येच्या मर्यादा : ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉय’ या वाक्यात खिडकी काहीच करीत नाही, तरीही सब्जेक्ट तीच. पाणिनीय परंपरेत कर्ता हे कारक असल्याने कर्मणी प्रयोगातही मुलगा कर्ताच राहतो. सब्जेक्ट हे मात्र वाक्यरचनेतील स्थान आहे. ‘रामाने कैरी खाल्ली’ येथे कर्ता राम, पण क्रियापद कैरीच्या लिंगवचनानुसार चालते. इंग्रजीत क्रियापदाचा मेळ सब्जेक्टशी असतो. दोन भिन्न व्यवस्था एकाच शब्दाखाली आणल्याने विद्यार्थी गोंधळतो आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो. ‘उद्देश्य’ हा प्रतिशब्दही अपुरा ठरतो. ‘इट इज रेनिंग’ मधील ‘इट’विषयी कोणतेही विधान केलेले नसते.

पर्यायी क्रम : प्रथम काळानुसार रूप बदलणारी क्रियापदे शोधावीत. ‘द बॉय हू ब्रोक द विंडो हॅज रन अवे’ यात ‘ब्रोक’ व ‘हॅज’ अशी दोन रूपे आहेत. म्हणून उपवाक्येही दोन. नंतर वाक्याचा प्रश्न करावा : ‘हॅज द बॉय हू ब्रोक द विंडो रन अवे?’ ‘हॅज’ ज्या पदसमूहास ओलांडून पुढे आले, तो संपूर्ण पदसमूह प्रधान वाक्याचा सब्जेक्ट होय. ‘ब्रोक’चा सब्जेक्ट ‘हू’.

या कसोट्याही निरपवाद नाहीत. ‘देअर आर मेनी रीजन्स’ या वाक्यात प्रश्नाची कसोटी ‘देअर’कडे, तर वचनाची कसोटी ‘रीजन्स’कडे निर्देश करते. तसेच क्वर्क व सहकाऱ्यांच्या 1985 च्या व्याकरणात ‘टु विन द मॅच’ सारख्या, काळ न दर्शविणाऱ्या रचनाही उपवाक्येच मानल्या आहेत. शालेय व्याकरण त्यांना केवळ पदसमूह समजते.

समारोप : अर्थावर आधारित व्याख्या पाठ करण्यास सोपी असते, परंतु ती विद्यार्थ्यास वाक्य तपासण्याचे साधन देत नाही. म्हणून ‘सब्जेक्ट’ ही संज्ञा तशीच ठेवून ती रचनेच्या कसोट्यांनी शिकवावी आणि ‘कर्ता’शी असलेला तिचा भेद पहिल्याच तासाला स्पष्ट करावा, असे सुचवावेसे वाटते.