खारात रुतलेला गाडा

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर मराठीत ग्रामीण कथा-कादंबऱ्यांचे पीकच आले (त्यात प्रस्तुत लेखकाचेही मूठभर दाणे आहेत). पण पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदार-फिरस्त्यांपर्यंत गावात कोण कोणाकडून काय घेतो, याचा इतका रोखठोक हिशेब क्वचितच कोणी मांडला असेल. आत्रे गावाचे लाड करीत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

तथापि वाचकांनी हे पुस्तक घेऊन एकदा नेरूळला यावे. नेरूळ, सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे ही खाडीकाठची आगरी-कोळ्यांची जुनी गावे. आत्र्यांचा गाडा मुख्यतः देशावरचा. काळी आणि पांढरी यांवर तो धावतो. येथे तिसरीच एक भूमी असते, ती खार. बांध घालून भरतीच्या पाण्याकडून हिसकावून घेतलेली! उधाणाने बांधाला खांड पडली तर एकट्याचे शेत बुडत नाही, साऱ्यांचे बुडते. आणि आत शिरलेले मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत भात नीट येत नाही. म्हणून येथल्या गावकीचे मूळ बलुत्यात नव्हे, बांधावर शोधावे, असे माझे मत आहे. अशाच खारपट्टीतील, अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ खोतांच्या जमिनी न कसता संप चालविला. पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षे टिकलेली ही जूट बांधानेच शिकविली असेल, असा माझा तर्क.

१९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले; साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या लढ्यातून आले. ही हकीकत सांगितली जाते, आणि जावीच. पण ती सात-बाऱ्याची हकीकत झाली. मध्यरात्री खांड बुजविताना शेजाऱ्याने टाकलेल्या मातीच्या पाटीची नोंद सात-बाऱ्यावर कोण करतो? मिठागरातल्या मजुराचे तर नावही त्यावर नसते.

हे सारे लिहिणारा आत्रे खाडीकाठाला अजून हवा आहे. तो नेरूळच्या गावठाणात वही घेऊन आला, तर म्हाताऱ्यांना त्याने जमीन किती गेली हे मागाहून विचारावे. आधी विचारावे : बांधाची उघाडी कोठे होती, आणि ती राखायची पाळी कोणाची?