वामनदादा कुठून सुरू करायचे?

दोस्तांनो, वामनदादा कर्डकांची गाणी हजारोंनी आहेत. नवी पोरं विचारतात, सुरुवात कुठून करू? जयंतीच्या मिरवणुकीतून करू नका, एवढंच माझं म्हणणं. तिथं भोंगा ऐकू येतो, शब्द हरवतो.

आधी ते गाणं गाठा, ज्यात दादा बड्या भांडवलदारांची नावं घेऊन देशाच्या धनातला आमचा वाटा मागतात. मी सूतगिरणीत रातपाळी करतो. ते गाणं ऐकलं आणि पगार हातात पडला की मनात हिशेब सुरू व्हायला लागला.

मग 'वाटचाल' (१९७३) आणि 'मोहळ' (१९७६) हे संग्रह मिळवा, मोठ्यानं वाचा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मुंबईत, मोठेपणी, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकला. त्यांची ओळ बोलल्यासारखी येते ती त्यामुळंच. अडाणी म्हातारीलाही ती एका ऐकण्यात कळते. ज्यांना ही नुसती प्रचारगीतं वाटतात, त्यांनी अशी एक ओळ लिहून दाखवावी.

पण खरं बोलू. सगळीच गाणी सारख्या कसाची नाहीत. काही सभेपुरती, यमक जुळवून उरकलेली, निव्वळ स्तुतीची. ती झाकू नका. भक्त होऊन ऐकलं तर दादांचा सवाल मरतो.

भीमगीतं शेवटी ऐका. त्यातल्या अस्सल गाण्यांत बाबासाहेबांचं नाव हक्क मागायला येतं, हे तेव्हा ध्यानात येईल.

दादा २००४ साली गेले. वाट्याचा सवाल मिटलेला नाही. तिथूनच सुरू करा.

जय भीम.