भिंत उभी राहिली. आवाज किती अडला?

पुणे-लोणावळा लोकलने वडगाव मागे टाकले की कान्हे येते. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, तेव्हापासून मावळातली ही गावे गाड्यांच्या आवाजाच्या सोबतीने राहत आली आहेत. रुळांजवळच्या शाळेत शिकवणाऱ्यांना एक सवय आपोआप लागते. गाडी आली की वाक्य अर्धे सोडायचे, आणि ती गेली की पहिल्यापासून सांगायचे. अशा शाळेशेजारी उद्या ध्वनिरोधक भिंत उभी राहिली आणि 'ही ३० डेसिबल आवाज अडवते' असे कोणी सांगितले, तर शिक्षकांनी काय करावे? आमचे म्हणणे असे की, आधी काय मोजले आणि कुठे मोजले, ते विचारावे.

पूर्वी अशा भिंतीची परीक्षा प्रयोगशाळेतच होत असे. दोन खोल्यांमध्ये नमुन्याचा तुकडा नीट बसवून पलीकडे किती आवाज पोहोचतो ते पाहत. पण प्रत्यक्ष जागेवर सांधे असतात, फटी राहतात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही भक्कम असली तरी ती २० डेसिबलच्या पुढे अडवू शकत नाही. म्हणून युरोपात १९९०च्या दशकात जागेवरच मोजण्याची पद्धत विकसित झाली, आणि पुढे ईएन १६२७२ या मानकाने ती रेल्वेसाठी ठरवून दिली. भिंतीच्या एका बाजूस ध्वनिक्षेपक, दुसऱ्या बाजूस तीन बाय तीन अशा मांडणीत नऊ ध्वनिग्राहक. ध्वनी पोहोचल्यानंतरचे जेमतेम ८ मिलिसेकंद संगणक विचारात घेतो, नंतर येणारे सारे टाळतो. त्यामुळे भिंतीवरून वळून आलेला किंवा जमिनीवरून परतलेला आवाज हिशेबात येत नाही. सांध्यांची चाचणी वेगळी घेता येते. फसवी भिंत पकडायला ही पद्धत उत्तम आहे, याबद्दल शंका नाही.

आमचा आक्षेप तिच्या निकालाच्या वापरावर आहे. पहिली गोष्ट, १०० हर्ट्झच्या ध्वनीचे एक आवर्तन पुरे व्हायलाच १० मिलिसेकंद लागतात. ते ८ मिलिसेकंदांत कसे मावणार? भिंत बुटकी असेल तर ही मुदत आणखी कमी करावी लागते. म्हणजे मालगाडीची घरघर या परीक्षेतून निसटते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जो आवाज ही पद्धत मुद्दाम वगळते, तोच वर्गात पोहोचतो!

एक साधे गणित करू. चाक आणि रूळ यांच्यापासून ३ मीटरवर २ मीटर उंच भिंत आहे. तिच्यापलीकडे ३० मीटरवर सपाट जमिनीवर बसलेल्या मुलाचा कान १.२ मीटर उंचीवर आहे. भिंतीवरून जाणारी वाट सरळ वाटेपेक्षा सुमारे ६० सेंटिमीटरनी लांब पडते. जपानी शास्त्रज्ञ माएकावा यांच्या आलेखानुसार १००० हर्ट्झचा आवाज सुमारे १८ डेसिबलनी, तर १०० हर्ट्झचा १० डेसिबलनीच कमी होतो. आणि इंजिनाचा भोंगा? तो ४ मीटर उंचीवर असेल, तर त्याच्यापासून कानापर्यंतची सरळ रेषा भिंतीच्या बरीच वरून जाते. लाभ जवळजवळ शून्य. फाटकाआधी 'सी/फा' ही पाटी दिसली की चालक शिटी देतो; ती शिटी तशीच ऐकू येणार.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या उन्नत मार्गावर, गुजरातमध्ये, काँक्रीटचे रोधक बसवले जात आहेत. रुळापासून २ मीटर उंच, १ मीटर रुंद, प्रत्येकी सुमारे ८३० ते ८४० किलो; वस्तीच्या भागात ३ मीटर उंच. एवढ्या वजनातून ध्वनी आरपार जाणे कठीण, हे खरे. पण मग वजनाचे कौतुक पुरे. वरून किती येतो आणि भिंत व डबा यांच्यामध्ये आपटत किती वर चढतो, हे प्रश्न उरतात.

शेवटी, सरासरीचा प्रश्न. २० सेकंद ८५ डेसिबल आवाज करणारी गाडी तासातून एकदाच गेली आणि बाकी शांतता असली, तर तासाची सरासरी ६२ भरते. आपल्या २००० सालच्या नियमांतही दिवसाची सरासरीच धरली आहे. जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात ती ५० डेसिबल. जपानने शिंकानसेनसाठी १९७५ साली वेगळी वाट धरली. ओळीने २० गाड्यांचे कमाल आवाज नोंदवायचे आणि त्यांतल्या मोठ्या निम्म्यांची सरासरी घ्यायची. वस्तीत ती ७० डेसिबलच्या वर नको. आम्हांला हे अधिक प्रामाणिक वाटते, कारण वर्ग सरासरीने थांबत नाही, गाडीने थांबतो.

तेव्हा भिंत येण्याआधी एक आठवडा आणि आल्यावर एक आठवडा विद्यार्थ्यांकडून नोंद ठेवून घ्यावी: गाडी कोणती, भोंगा वाजला का, शिकवणे किती सेकंद थांबले. गाड्या आणि वारा बदलतात, म्हणून भिंत नसलेल्या एका जागीही त्याच वेळी मोजावे. उपकरण एक घड्याळच, पण ज्याच्यासाठी भिंत बांधली, तेच त्याने मोजले जाईल.