मातीचे मजले किती खरे?

चीनमधील हान काळातली (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) एकही संपूर्ण लाकडी इमारत आज उभी नाही. त्यामुळे स्थापत्याचे अभ्यासक त्या काळच्या थडग्यांत पुरलेल्या भाजक्या मातीच्या छोट्या इमारतींकडे वळतात. मृताला परलोकात काही कमी पडू नये म्हणून विहिरी, गोठे, कोठारे, मनोरे असे सारे घडवून सोबत ठेवले जाई.

हेनान प्रांतातील ज्याओझुओ येथे १९९३ मध्ये मिळालेले सात मजली धान्यकोठार हा यातला अव्वल नमुना. उंची सुमारे १.९ मीटर. शेजारच्या मनोऱ्याला जोडणारा छपराचा पूल, दाराशी कुत्रा, पोते वाहणारा हमाल. पण स्थापत्याचा पुरावा म्हणून हे सारे जसेच्या तसे मानावे का?

मजल्यांच्या बाबतीत मानू नये, असे मला वाटते. हे कोठार सुटे भाग एकावर एक रचून उभे केले आहे. सुताराला मजला चढवायचा तर भार तोलावा लागतो. कुंभाराला आणखी एक भाग भाजला की पुरे. शिवाय मृताचे वैभव दाखवायचे असताना हात आखडता कोण घेईल?

छपराखालच्या आधारांचे मात्र वेगळे. मातीच्या मनोऱ्यांवर दिसणारी ही टेकूंची रचना सिचुआनमधील गाओ यी याच्या समाधीपुढच्या, इ.स. २०९ मधील दगडी स्तंभावरही कोरलेली आहे. कुंभार आणि पाथरवट दोघेही एकच जोडणी दाखवतात, ती त्यांनी लाकडात पाहिलेली असणार. तेव्हा या इमारतींवरून हान सुताराची जोडणी शिकावी. त्याच्या इमारतींची उंची मोजू नये.