विरजण विसरलेला धडा

एन.सी.ई.आर.टी.चे सातवीचे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक २००७ साली आले. त्यातील अठरावा आणि शेवटचा धडा सांडपाण्याचा होता. इंग्रजी आवृत्तीत त्याचे नाव 'वेस्टवॉटर स्टोरी', हिंदीत 'अपशिष्ट जल की कहानी'. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतून पुढील सतरा-अठरा वर्षांत मुलांच्या कितीतरी तुकड्या हा धडा शिकून गेल्या. २०२५ मध्ये सातवीचे नवे पुस्तक आले आणि त्यात सांडपाण्याला स्वतंत्र धडा उरला नाही. मग आता त्याची चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. पुस्तक बदलले तरी त्यातला प्रयोग जात नाही. काचेची बरणी, माशांच्या टाकीचा पंप, वाळूची गाळणी आणि क्लोरीनची गोळी हा संच प्रकल्पवह्यांतून आणि विज्ञान प्रदर्शनांतून अजून बराच काळ मांडला जाणार आहे. त्या प्रयोगात जे निसटले आहे, तेही त्याच्याबरोबर टिकून राहील.

आधी धड्याचे गुण सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. ज्या विषयाचे नाव घरात कोणी जेवताना काढू देणार नाही, तो विषय या धड्याने नाक न मुरडता वर्गात आणला. मोरीतून गेलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न मुलांना विचारला. उघड्या गटारापर्यंत त्यांना नेऊन निरीक्षण करायला लावले. तेल आणि चहाचा चोथा मोरीत का टाकू नये, हे उपदेशाचा सूर न लावता कारणासह सांगितले. शुद्धीकरण केंद्रातील टप्पेही क्रमाने दिले: आधी चिंध्या व प्लॅस्टिक अडवणारी गजांची जाळी, मग वाळू-खडे खाली बसवणारी टाकी, मग मैला खाली बसतो आणि तेलकट तवंग वरून काढला जातो ती टाकी, आणि शेवटी हवा सोडण्याची टाकी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एवढे कळले तर ते थोडे नाही.

अडचण सुरू होते ती प्रयोगात. मोठ्या बरणीत पाणी घ्यायचे, त्यात गवताचे तुकडे किंवा संत्र्याच्या साली, थोडी साबणाची भुकटी आणि शाईचे थेंब टाकायचे. बरणी दोन दिवस उन्हात ठेवायची आणि पहिला नमुना काढायचा. मग काही तास किंवा रात्रभर पंपाने हवा सोडायची, दुसरा नमुना. मग खडी व वाळूच्या थरांतून गाळायचे, तिसरा. शेवटी क्लोरीन, चौथा. चार परीक्षानळ्या ओळीने ठेवल्या की पहिल्या नळीतला गढूळपणा चौथीपर्यंत येता येता कमी झालेला दिसतो. मुले खूश होतात, शिक्षकही होतात. पण आता विचारा: पाणी स्वच्छ केले कोणी?

धड्याप्रमाणे उत्तर असायला हवे जिवाणूंनी, कारण हवेच्या टाकीत जिवाणू घाण खातात असे पुढच्याच पानांत सांगितले आहे. पण आपल्या बरणीत एका रात्रीत जिवाणूंनी फारसे काही केलेले नसते. डोळ्यांना दिसणारी सफाई मुख्यतः वाळूची असते आणि शाई गेली असेल तर ती क्लोरीनची करामत असते. म्हणजे ज्या घटनेसाठी प्रयोग मांडला, तीच घटना त्यात घडत नाही.

असे का, हे समजण्यासाठी मँचेस्टरला जावे लागते. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे तेथील सांडपाणी विभागात काम करणारे दोन रसायनशास्त्रज्ञ. त्यांना प्रेरणा दिली गिल्बर्ट फाउलर यांनी. हेच फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. मैलापाण्यात हवा सोडली तर ते हळूहळू निवळते, हे आर्डर्न-लॉकेट यांच्या आधीही लोकांना माहीत होते. पण वेळ फार लागे. त्यांच्या पहिल्या बाटलीतले पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. पाच आठवडे पाणी साठवून ठेवायचे तर शहराएवढीच टाकी बांधावी लागेल.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचे निवळलेले पाणी ओतून दिले, पण तळाशी बसलेला गाळ फेकला नाही. त्याच गाळावर ताजे मैलापाणी ओतून पुन्हा हवा सोडली. या वेळी वेळ कमी लागला. पुन्हा तसेच केले, आणखी कमी. असे करता करता पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केले आणि त्या गाळाला 'सक्रिय गाळ' असे नाव दिले. जगातील कितीतरी शहरांचे मैलापाणी आजही याच तत्त्वावर शुद्ध होते.

आपल्याकडच्या कोणत्याही घरात हे तत्त्व रोज वापरले जाते. दूध नुसते ठेवून दिले तर ते नासेल किंवा कसेबसे आंबट होईल. कालच्या दह्याचे विरजण लावले तर रात्रीत दही होते. सक्रिय गाळ म्हणजे सांडपाण्याचे विरजण. म्हणूनच केंद्रात खाली बसलेल्या गाळाचा मोठा भाग पंपाने पुन्हा हवेच्या टाकीत परत आणतात. पाणी टाकीतून काही तासांत निघून जाते, जिवाणू मात्र कित्येक दिवस तेथेच फिरत राहतात. सारी युक्ती या दोन मुक्कामांतील फरकात आहे.

धड्यात 'सक्रिय गाळ' हा शब्द आहे. त्यात ९७ टक्के पाणी असते, तो वाळूच्या वाफ्यांवर किंवा यंत्राने सुकवतात आणि खत म्हणून वापरतात, हेही आहे. नाही ती एकच ओळ: हा गाळ परत टाकीत जातो. ती ओळ नसल्यामुळे 'सक्रिय' हा शब्द पाठ करण्यापुरता उरतो आणि शुद्धीकरण केंद्र म्हणजे एका टोकाने घाण पाणी आत आणि दुसऱ्या टोकाने चांगले पाणी बाहेर अशी सरळ नळी वाटू लागते. प्रत्यक्षात ते चक्र आहे, आणि जिवंत चक्र आहे. हवा थांबली की त्यातले जिवाणू गुदमरतात. एखाद्या कारखान्याचे विषारी पाणी आत शिरले की मरतात. अशा केंद्रातील विजेचा साधारण निम्मा वाटा हवा सोडण्यातच जातो. ज्याला विरजण समजले, त्याला हे सगळे आपोआप समजते. ज्याला नळी समजली, त्याला केंद्र बांधले म्हणजे काम झाले असे वाटते.

दुसरा दोष जमाखर्चाचा आहे. धड्याच्या सुरुवातीला सांडपाण्यात काय काय असते याची चांगली यादी आहे: सेंद्रिय घाण, नायट्रेट, फॉस्फेट, धातू, पटकी व विषमज्वराचे जंतू. सांडपाण्याच्या व्याख्येत घरांबरोबर कारखानेही आहेत. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला फक्त सेंद्रिय घाण आणि जंतू यांचा हिशेब लागतो. धातू कोठे गेले? काही गाळात बसले, काही पाण्याबरोबर पुढे गेले. मग त्याच गाळाला 'खत' म्हणताना आधी त्याची तपासणी हवी, हे सांगायला नको काय? नायट्रेट आणि फॉस्फेट बरेचसे पाण्यातच राहतात. पुण्यात मुळा-मुठेच्या पात्रात माजणारी जलपर्णी त्यांच्यावरच पोसते. धडा म्हणतो की बाहेर सोडलेल्या पाण्याची उरलेली सफाई निसर्ग करतो. निसर्ग करतो, पण त्याच्या ताकदीपुरती.

विरघळलेल्या क्षारांचे तर नावच नाही. कापड रंगवण्याच्या धंद्यात मीठ भरपूर लागते, आणि मीठ कोणताही जिवाणू खात नाही. तमिळनाडूतील तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांच्या पाण्याने नोय्यल नदी आणि तिच्यावरील ओरतुपाळयम धरण असे बिघडले की शेतीसाठी बांधलेल्या धरणाचे पाणी शेतकऱ्यांनाच नकोसे झाले. अखेर २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. असे पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून दाबाने गाळून पुन्हा वापरता येते, पण मीठ नाहीसे होत नाही. ते ढिगाच्या रूपाने मागे उरते, आणि त्याचे काय करायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. पदार्थ नष्ट होत नाही, हे आपण याच मुलांना शिकवतो. सांडपाण्याच्या धड्यात ते विसरून कसे चालेल?

या दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. प्रयोगानंतरचे प्रश्न रंगाचे आणि वासाचे आहेत. म्हणून मूल 'नितळ म्हणजे स्वच्छ' हे समीकरण घेऊन घरी जाते. हे समीकरण धोक्याचे आहे. पटकीचे जंतू असलेले पाणीही नितळ दिसू शकते.

सुधारणा करायला फार साहित्य लागत नाही. पहिली गोष्ट, तिसरा नमुना बूच लावून जोराने हलवा. फेस आला तर साबण अजून तेथेच आहे. दुसरी, सुरुवातीला बरणीत चिमूटभर मीठ टाका आणि शेवटी तिसऱ्या नमुन्याचे काही थेंब स्वच्छ काचपट्टीवर सुकू द्या. पांढरा डाग बरेच काही बोलून जातो.

तिसरी गोष्ट मेथिलीन ब्ल्यूची. शाई न घातलेल्या बरणीतून पहिले तीन नमुने घ्या. सारख्या आकाराच्या लहान बाटल्या काठोकाठ भरा, प्रत्येकीत या रंगाचे दोन-दोन थेंब टाका, हवेचा बुडबुडा न ठेवता बूच लावा आणि अंधारात ठेवा. जिवाणू अन्न खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. तो संपला की निळा रंग उडतो. जी बाटली आधी रंगहीन झाली, तिच्यात घाण जास्त. बी.ओ.डी. या मापामागची कल्पना हीच: पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन खर्च करतात. घरगुती मैलापाण्यात तो लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. चौथा, क्लोरीनचा नमुना मात्र या चाचणीत घेऊ नका. क्लोरीन मेथिलीन ब्ल्यूचा रंग स्वतःच उडवते आणि जंतूही मारते. जंतूंचे अन्न मात्र बऱ्याच अंशी तसेच राहते. हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट विरजणाची. बरणीतले पाणी रोज हवा सोडल्यावर तासभर स्थिर ठेवा, वरचे ओता, तळचा गाळ ठेवा आणि त्यावर तांदळाच्या धुवणाचे पातळ पाणी घाला. दोन-तीन आठवडे हे चालू द्या. पंप रात्रीही बंद करू नका. केला तर का करायचा नव्हता ते वासच सांगेल. खरे मैलापाणी वर्गात आणू नये, हात साबणाने धुवावेत आणि शेवटी बरणीत ब्लीचिंग पावडर टाकून मगच ती रिकामी करावी.

आता या सगळ्याचा वर्गाबाहेर काय उपयोग? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते. बसवलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी २०,२३५ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर बादल्यांपैकी अठ्ठावीस. महाराष्ट्राचे आकडे बरे आहेत, तरी ९,१०७ पैकी ४,२४२ म्हणजे निम्म्याहून कमीच. क्षमता आणि प्रत्यक्ष काम यांतील ही दरी सिमेंटने भरत नाही. घरे वाहिन्यांना जोडलेली हवीत, वीज हवी, आणि विरजण जिवंत ठेवणारी जाणती माणसे हवीत. माणसांचा विषय निघाला म्हणून सांगतो: मॅनहोल किती मीटरवर असतात ते धड्यात आहे, त्यात उतरणाऱ्या माणसाबद्दल धडा जवळजवळ गप्प आहे. अशा धोकादायक कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, तरी ती माणसे अजून मरतात.

धड्याची कथा पाणी नदीत, समुद्रात किंवा जमिनीत सोडून संपते. ती तेथे संपायला नको. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातील शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. तेवढे धरणाचे पाणी वाचते. नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून शुद्ध केलेले मैलापाणी पिण्यासाठीही वापरत आली आहे. बॉयलरला एक स्वच्छता लागते, शेताला दुसरी, माणसाला तिसरी. 'स्वच्छ' म्हणजे कशासाठी स्वच्छ, हा प्रश्न धड्याने विचारलाच नाही.

इतके दोष दाखवूनही शेवटी एक कबूल केले पाहिजे. सदोष धडा दुरुस्त करता येतो. नसलेल्या धड्याचे काय करणार? नव्या पुस्तकात त्याची जागा रिकामी आहे. ती भरायची तर शिक्षकांनीच भरायला हवी. जुनी बरणी फडताळातून काढा, पंप लावा. या वेळी वरचे पाणी ओतून द्या, पण तळचे टाकू नका.